खणखणीत की बद्द?

रात्रीचे अडीच वाजले होते. नाशिकच्या एका रुग्णालयातल्या अतिदक्षता विभागात निवासी डॉक्टरांनी माझ्या मित्राच्या छातीच्या मधल्या हाडावर मुठीची पेरं घासली. नखाच्या मुळाशी पेन दाबून धरलं. कानाशी वाकून मोठ्याने नाव घेतलं. त्याचे दोन्ही हात कोपरात वाकून छातीकडे आले, एवढंच. डोळे उघडले नाहीत. डॉक्टरांनी तक्त्यावर लिहिलं, ‘ई १, व्ही टी, एम ३’, आणि ते पुढच्या खाटेकडे वळले.

मी सातपूर एमआयडीसीत वीस वर्षं तपासणी विभागात काढली आहेत. आकडा दिसला की तो कशाने मोजला, हे विचारल्याशिवाय मला राहवत नाही. सिस्टरनी समजावलं. ई म्हणजे डोळे, चारपैकी एक. एम म्हणजे हालचाल, सहापैकी तीन. व्ही म्हणजे बोलणं, पाचपैकी.

“आणि टी?”

“घशात ट्यूब आहे ना त्यांच्या. बोलता येणारच नाही. म्हणून टी.”

म्हणजे तीन गेजपैकी एक गेज लागतच नव्हतं, आणि उरलेल्या दोघांवर माणूस तोलला जात होता.

हा मित्र फाउंड्रीतला. रात्रपाळी सुटल्यावर त्र्यंबक रोडवर त्याची मोटारसायकल घसरली आणि डोकं दुभाजकावर आपटलं. कारखान्यात त्याची एक ख्याती होती. साखळीला टांगलेल्या कास्टिंगवर तो छोटा हातोडा एकदाच हाणायचा आणि मान तिरकी करून ऐकायचा. आवाज खणखणीत आला आणि घुमत राहिला, तर माल चांगला. बद्द आला, तर आत कुठेतरी तडा. आम्ही नंतर यंत्रावर तपासायचो, तेव्हा बहुतेक वेळा त्याचा कान खरा ठरायचा. आठवडी बाजारात मडकं वाजवून घेणारी प्रत्येक बाई हीच चाचणी करत असते. आत डोळा जात नाही, पण ठोका जातो.

पहाटे बाकावर बसलेल्या वहिनींनी मला विचारलं, “भाऊजी, ह्यांना कळतंय का हो काही?”

मला उत्तर देता आलं नाही. पुढे कित्येक महिने मी त्या एका प्रश्नामागे लागलो, आणि वाचता वाचता एका शोधाच्या गोष्टीत शिरलो. ती गोष्ट सुरू होते लाइपझिगमध्ये.

गुस्ताव फेख्नर तिथे भौतिकशास्त्राचे प्राध्यापक होते. रंगीत काचांतून सूर्याकडे बघण्याच्या प्रयोगांनी त्यांचे डोळे इतके दुखावले, की काही वर्षं त्यांना डोळे झाकून अंधाऱ्या खोलीत काढावी लागली. मनाच्या अभ्यासाला गणित लागू पडणार नाही, असं इमान्युएल कांट यांनी आधीच सांगून ठेवलेलं. तरी २२ ऑक्टोबर १८५० च्या सकाळी अंथरुणात पडल्या पडल्या फेख्नरना सुचलं, की संवेदनेलाही माप लावता येईल. अर्धा किलोच्या पिशवीत एक लिंबू टाकलं तर हाताला कळतं. तेच लिंबू गव्हाच्या पोत्यात टाकलं तर कळत नाही. जाणवण्यासाठी किती भर घालावी लागते, ते आधी किती आहे याच्या प्रमाणात ठरतं. त्यांचे सहकारी एर्न्स्ट वेबर यांनी हे वजनांवर दाखवलं होतं. फेख्नरनी त्यातून सूत्र काढलं आणि १८६० मध्ये ग्रंथ छापला. अनुभवाला पहिल्यांदा आकडा चिकटला.

पण त्या प्रयोगात एक गोष्ट गृहीत होती. ‘आता जड वाटलं’ हे सांगणारा माणूस समोर बसलेला होता. १९७४ मध्ये ग्रॅहम टीसडेल आणि ब्रायन जेनेट यांनी ग्लासगोत तयार केलेला तो तक्ता, आमच्या खाटेला लावलेला, तोही प्रतिसादावरच चालतो. कमीत कमी ३, जास्तीत जास्त १५. जगभर तो वापरतात, त्याने असंख्य जीव वाचले, कारण माणूस बिघडतोय की सुधारतोय हे तो झटकन दाखवतो. मात्र तो मोजतो ते बाहेर आलेलं. आत काय आहे, ते नाही.

मराठीत यासाठी दोन वेगळे शब्द आहेत, हे मला त्या दिवसांत प्रथमच नीट उमगलं. शुद्ध आणि जाणीव. शुद्ध हरपली की नाही हे खाटेशी उभं राहून सांगता येतं. जाणीव ज्याची त्याला. शुद्धीवर नसलेल्या माणसाला जाणीव असू शकते का?

हा प्रश्न महाराष्ट्राने एका खाटेशी बेचाळीस वर्षं पाहिला. २७ नोव्हेंबर १९७३ रोजी मुंबईच्या केईएम रुग्णालयातल्या परिचारिका अरुणा शानबाग यांच्यावर तिथेच अमानुष हल्ला झाला. गळा आवळला गेल्याने मेंदूला प्राणवायू मिळाला नाही. नंतरच्या प्रत्येक पिढीतल्या परिचारिकांनी त्यांना आपलं माणूस मानून जपलं. इतक्या वर्षांत पाठीला एक जखम होऊ दिली नाही. त्यांचा मृत्यू सुकर व्हावा म्हणून याचिका झाली, तेव्हा सर्वोच्च न्यायालयाने तीन डॉक्टरांना त्यांच्या खाटेशी पाठवलं. मासळीचं, कोंबडीचं सूप त्यांना आवडतं, खोलीत गर्दी झाली की त्या अस्वस्थ होतात, असं रुग्णालय सांगत होतं. ऐकण्याचे, बघण्याचे मेंदूतले प्राथमिक मार्ग शाबूत आहेत, असं डॉक्टरांना आढळलं. पण जाणीव असल्याचा निश्चित पुरावा त्यांना तपासणीत दिसला नाही. ७ मार्च २०११ ला निकाल आला. परिचारिकांचं म्हणणं मानून न्यायालयाने याचिका फेटाळली, आणि १८ मे २०१५ पर्यंत त्या त्यांच्याच हातांत राहिल्या.

तिन्ही डॉक्टर निष्णात होते. पण परिचारिका म्हणत होत्या ‘तिला कळतं’ आणि तपासणी म्हणत होती ‘पुरावा नाही’. हा तंटा मिटवणारं गेज त्या दिवशी कुणाच्याच पेटीत नव्हतं.

एक धागा मात्र सापडला होता. जुलै २००५ मध्ये इंग्लंडमध्ये एका २३ वर्षांच्या तरुणीला रस्त्यावर अपघात झाला. पाच महिन्यांनंतरही ती हाकेला ओ देत नव्हती. जाणीव नाही, असंच निदान होतं. केंब्रिजच्या एड्रियन ओवेन यांनी तिला एमआरआयमध्ये ठेवून सांगितलं, की तू टेनिस खेळते आहेस अशी कल्पना कर. मेंदूतला हालचाल आखणारा भाग उजळला. मग सांगितलं, आपल्या घरातल्या खोल्यांतून फिरते आहेस अशी कल्पना कर. वाटा आणि जागा ओळखणारे भाग उजळले. निरोगी माणसांच्या चित्रांपासून तिची चित्रं वेगळी काढता येईनात. सप्टेंबर २००६ मध्ये ‘सायन्स’मध्ये ते छापून आलं आणि वैद्यकाची झोप उडाली. जिथे कुणी नाही असं मानलं होतं, तिथून सांगितलं ते बिनचूक केलं जात होतं.

पण माझ्यातला तपासनीस इथे अडला. २०१० मध्ये याच रीतीने ५४ रुग्ण तपासले, त्यांतले पाचच असं करू शकले. उरलेल्या ४९ जणांबद्दल काय म्हणायचं? सूचना कानावर पडली नसेल, भाषेचा भाग दुखावला असेल, त्या वेळी ग्लानी असेल. गेज लागलं नाही म्हणजे माल खराब, असं आम्ही कारखान्यातही म्हणत नाही. हाही शेवटी प्रश्नोत्तराचाच खेळ होता. उत्तराची वाट न पाहता मोजता येईल का?

मार्चेल्लो मासिमिनी या इटालियन संशोधकाला आणि जूलिओ तोनोनी यांना ही वाट अमेरिकेतल्या विस्कॉन्सिनमध्ये सापडली. माझ्या मित्राने टांगलेल्या कास्टिंगशी जे केलं, तेच त्यांनी मेंदूशी केलं.

डोक्याला साठ इलेक्ट्रोडची टोपी. कवटीजवळ धरलेलं तारेचं वेटोळं, ज्यातून क्षणभर जोरदार चुंबकीय झटका सुटतो. तो कातडीला, हाडाला न दुखवता आत जातो आणि मेंदूचा एक ठिपका चाळवतो. वेटोळ्याचा ‘टक्’ कानात गेला तर मेंदू त्या आवाजालाच उत्तर देईल, म्हणून प्रयोगातल्या माणसांच्या कानात खरखर सोडलेली. ही काळजी वाचली तेव्हा मला या माणसांवर विश्वास बसला. चांगला तपासनीस आधी आपल्याच उपकरणाचा आवाज वजा करतो.

जाग्या माणसाला झटका दिला. लहर एका ठिकाणाहून दुसऱ्या ठिकाणी, तिथून तिसऱ्या, कधी पलीकडच्या अर्ध्या मेंदूत अशी जवळजवळ ३०० मिलिसेकंद हिंडत राहिली. प्रत्येक भाग वेगळ्या सुरात बोलला, तरी एकमेकांचं ऐकून बोलला. मग त्याच माणसाला झोपू दिलं. गाढ, स्वप्नाविना झोप लागल्यावर त्याच जागी तसाच झटका. पहिला ठोका उलट जास्त मोठा उमटला, पण जागच्या जागी विरला. शेजारच्या भागांपर्यंत काही पोचलंच नाही. सप्टेंबर २००५ मध्ये हे प्रसिद्ध झालं. पेशी त्याच, जोडण्या त्याच. पण गाढ झोपेत पेशी क्षणभर बोलून एकदम गप्प होतात आणि निरोप पुढे जात नाही.

जाग खणखणीत आणि झोप बद्द. मी हे वाचलं तेव्हा उठून खोलीत येरझारा घातल्या.

आता कानाला कळलेलं आकड्यात आणायचं होतं. मिलान विद्यापीठात मासिमिनी यांच्यासोबत अडेनाउअर कासाली यांनी ते केलं. त्यांनी वापरलेली युक्ती आपण रोज वापरतो: संगणकातली फाइल झिप करणं. पानभर एकच शब्द लिहिला असेल तर ‘हा शब्द हजार वेळा’ एवढ्यात ते पान मावतं. कसलेल्या लेखकाचं पान तितकं दाबता येत नाही, कारण प्रत्येक ओळीत नवं काही असतं. झटक्यानंतर उमटलेलं साठ ठिकाणांचं चित्र असंच दाबून पाहायचं. एकच जागा बोलली, तर चित्र लहानसं होतं. सगळा मेंदू एका सुरात हेलकावला, तरी तेच. पुष्कळ जागा बोलल्या आणि प्रत्येक वेगळं बोलली, तरच ते दबत नाही. झटक्याशी संबंध नसलेला गोंगाट आधीच गाळलेला असतो. येणारा आकडा शून्य ते एकच्या मधला.

ऑगस्ट २०१३ मध्ये निष्कर्ष आले. जाग्या माणसांचे आकडे ०.४४ ते ०.६७. गाढ झोपेत ०.१८ ते ०.२८. भुलीच्या औषधांखाली ०.१२ ते ०.३१. आणि दोन रुग्ण असे, ज्यांचं जवळजवळ सगळं शरीर लुळं, पण आत पूर्ण जाग. त्यांचे आकडे जाग्या माणसांत जाऊन बसले. अंग हलत नव्हतं, मेंदू घुमत होता.

गेज बनवणं सोपं, ते प्रमाणित करणं कठीण. आम्ही नवं गेज आधी मास्टरवर लावून बघतो. ज्याचं माप निर्विवाद ठाऊक आहे, अशा तुकड्यावर. जाणिवेचा मास्टर कुठून आणायचा? तो माणसाच्या शब्दांतच सापडला. सिल्विया कासारोत्तो आणि सहकाऱ्यांनी २०१६ मध्ये दीडशे माणसं घेतली. कुणी जागी, कुणी झोपलेली, कुणी भुलीखाली, कुणी मेंदूला इजा झालेली. पण प्रत्येक जण त्याच वेळी किंवा जागं झाल्यावर ‘मला काहीतरी अनुभव होत होता’ किंवा ‘काहीच नव्हतं’ हे सांगू शकत होता. ०.३१ या आकड्यावर दोन्ही गट स्वच्छ वेगळे झाले. ते सरळसरळ गो–नोगो गेज होतं, पास की नापास एवढंच सांगणारं.

यातला केटामिनचा दाखला माझ्या मनातून जात नाही. लहान रुग्णालयांतही हे भुलीचं औषध असतं. त्याखाली माणूस हाकेला ओ देत नाही, सुई कळत नाही. शुद्ध नाहीच. पण २०१५ च्या प्रयोगात केटामिनखालच्या मेंदूचे आकडे जागेपणाइतके वर राहिले, आणि भूल उतरल्यावर त्या माणसांनी लांबलचक, ठसठशीत स्वप्नं सांगितली. दुसऱ्या दोन औषधांखाली आकडा पडला, आणि उठल्यावर सांगण्याजोगंही काही नव्हतं. शुद्ध गेलेली, जाणीव उरलेली. मराठीने जी फट दोन शब्दांनी राखून ठेवली होती, ती कागदावर आलेखात दिसत होती.

मग ते गेज अज्ञात मालाला लावलं. जाणिवेची अगदी क्षीण चिन्हं दाखवणाऱ्या ३८ रुग्णांपैकी ३६ जण रेषेच्या वर आले. आणि ज्यांना जाणीव नाही असं निदान झालं होतं, त्या ४३ जणांपैकी ९ जणही वरच आले. २०२४ मध्ये वेगळ्या रीतीने, एमआरआय आणि ईईजी वापरून, अनेक देशांतल्या २४१ निश्चल रुग्णांना तपासलं. त्यांतले ६० जण सांगितलेली कल्पना मनात करत होते. चारात एक.

म्हणजे जाणीव मोजता आली का? इथे मला जपून बोलायचं आहे. कास्टिंगवरचा ठोका तडा सांगतो. ते कास्टिंग पुढे पंपात जाणार की इंजिनात, हे सांगत नाही. ०.५ हा आकडा सांगतो की बहुधा आत कोणी आहे. त्याला दुखतंय की पावसाचा वास येतोय, हे त्या आकड्यात नाही. ज्याने या दोन गोष्टींत गल्लत केली, त्याचं काय होतं हेही महाराष्ट्राने पाहिलं आहे. डोक्याला इलेक्ट्रोड लावून, वाक्यं ऐकवून, माणसाने एखादी गोष्ट प्रत्यक्ष अनुभवली आहे का हे सांगणाऱ्या चाचणीचा आधार जून २००८ मध्ये पुण्याच्या सत्र न्यायालयाने एका खुनाच्या खटल्यात घेतला आणि जन्मठेप सुनावली. निम्हान्स या मेंदू आणि मनोविकारांच्या राष्ट्रीय संस्थेच्या संचालकांच्या अध्यक्षतेखालच्या समितीने त्याच वर्षी ती चाचणी शास्त्रीय नसल्याचं सांगितलं. ५ मे २०१० रोजी सर्वोच्च न्यायालयाने अशा चाचण्या सक्तीने करायला मनाई केली. मी विचारलं असतं, त्या गेजचा मास्टर कुठे आहे? खोट्या मापाने माणूस तुरुंगात जातो, तसाच तो स्मशानातही जाऊ शकतो.

माझ्या मित्राच्या खाटेशी चुंबकाचं वेटोळं आलं नाही. आला तो आरसा.

सव्विसाव्या दिवशी मेंदुविकाराच्या मोठ्या डॉक्टरीणबाई आल्या. मित्राचे डोळे आता उघडे असत, पण छताकडे लागलेले. त्यांनी बॅटरी फिरवली, पेन फिरवलं, स्वतः खाटेच्या या बाजूकडून त्या बाजूला गेल्या. काही नाही. मग वहिनींना म्हणाल्या, “तुमच्याकडे आरसा आहे का हो?” वहिनींनी पिशवीतून टिकल्यांच्या पाकिटाखालचा लहानसा गोल आरसा काढला, पदराने पुसला आणि दिला. डॉक्टरीणबाईंनी तो मित्राच्या चेहऱ्यासमोर धरला, थोडा थांबवला आणि हळूहळू डावीकडे नेला.

त्याची नजर हलली. अडखळत, मध्येच सुटत, पण आरशामागे गेली. उजवीकडे नेला, परत आली. तीन वेळा.

हे नशीब नव्हतं. बेल्जियममधल्या लिएजच्या संशोधकांनी २००८ मध्ये दाखवलं होतं, की अशा अवस्थेतला माणूस वस्तूच्या किंवा दुसऱ्या माणसाच्या मागे नजर नेत नाही, तेव्हाही स्वतःच्या चेहऱ्यामागे नेऊ शकतो. त्याच गटाने पुढच्या वर्षी सांगितलं, की डॉक्टरांनी एकमताने जाणीव नाही असं ठरवलेल्या ४४ रुग्णांपैकी १८ जणांत, पद्धतशीर आणि पुन्हा पुन्हा तपासल्यावर, जाणिवेच्या खुणा सापडल्या. त्या तपासणीला यंत्र लागत नाही. वेळ, चिकाटी आणि बाजारात मिळणारा आरसा पुरतो.

तक्त्यावरचा आकडा वाढायला आणखी दिवस लागले. मित्र घरी आला, वर्षभराने काठीशिवाय अशोकनगरच्या भाजीबाजारात जाऊ लागला. एका संध्याकाळी चहा घेताना मी धीर करून विचारलंच, “तिथलं काही आठवतं का रे? वहिनी रोज बोलायच्या तुझ्याशी. नळाला पाणी आलं, मुलीचा निकाल लागला, सगळं सांगायच्या.”

त्याने बराच वेळ विचार केला. “नाही. काहीच नाही.”

मी थोडा हिरमुसलो. आठवत नाही म्हणजे अनुभवलंच नाही असं होत नाही, हे मला आता ठाऊक होतं. काल रात्रीची स्वप्नं तरी किती आठवतात? पण ते दार कायमचं बंद झालं होतं. त्या दिवसांत आत कोण होतं, हे त्याच दिवसांत मोजायला हवं होतं. नंतर तो स्वतःही साक्ष देऊ शकत नव्हता.

वहिनींना मात्र काही वाटलं नाही. कप उचलता उचलता त्या म्हणाल्या, “नसेल आठवत. ऐकणारं कुणी नव्हतं असं धरलं, तर माझे शब्द वाया गेले एवढंच. पण हे आत असते आणि मी गप्प बसले असते, तर?”

तपासणीच्या शास्त्रात दोन चुका शिकवतात. चांगला माल नाकारणं ही एक, खराब माल पास करणं ही दुसरी. कारखान्यात आम्ही दुसरीला भितो, कारण खराब भाग गाडीत गेला तर माणूस मरतो. म्हणून शंका आली की लाल रंगाचा फटका मारून तुकडा बाजूला टाकतो. खाटेवरच्या माणसाशी हे नेमकं उलटं आहे. तिथे शंका आली की पास करायचं. ०.३१ च्या वर आकडा आला, तर ती साक्ष आहे. खाली आला, तर तो निकाल नाही. मोजमाप अधिक बारीक झालं पाहिजे, ते यंत्र नाशिकच्या खाटेपर्यंतही आलं पाहिजे, आणि ते येईपर्यंत प्रत्येक अतिदक्षता विभागात एक आरसा आणि तो पुन्हा पुन्हा धरणारा हात असला पाहिजे.

मित्र आता फाउंड्रीत हलक्या कामावर आहे. परवा मी गेलो, तेव्हा साखळीला कास्टिंग टांगलेलं होतं. त्याने एक ठोका दिला आणि मान तिरकी केली. मग, का कोण जाणे, पुन्हा एकदा दिला, आणि आवाज पूर्ण विरेपर्यंत ऐकत राहिला.